मुठीतला पदर

लातूर जिल्हा नवा झाला, तरी गावच्या विहिरी कोरड्याच राहिल्या. ऊसतोडीचा ट्रक वेशीत उभा होता, आणि धाकटा चांगुणाचा पदर मुठीत धरून गाढ झोपला होता. त्याला सांभाळायला मागं राहणारी थोरली सिंधू उंबऱ्यात बसून इंग्रजीचा धडा पाठ करत होती.

"माय, इंग्रजीत फाडायला येगळा शबूद अन् कापायला येगळा. कशाला लागतेत गं इतके?"

"लागतेत की बाई. फाडलं तर आवाज व्हतो, लेकरू उठतंय. कापलं तर न्हाई."

चांगुणानं नवा कोयता उचलला. त्याची पहिली धार उसाआधी तिच्या पदराला लागली.

ट्रक निघून गेला, तरी लेकराची मूठ घट्टच होती.