पाणकणसाची चटई

नर्सने शिसं मोजायचं यंत्र चटईवर धरलं आणि तिचा चेहरा उतरला.

“भिवरामावशी, ही तळ्यातल्या पाणकणसाच्या पात्यांची ना? ते कापायला बंदी आहे.”

“नातीसाठी विणली गं. आमचा जन्मच चटया विणण्यात गेला.”

प्रयोगशाळेत घडवलेल्या या पाणकणसाने कारखान्याचं सगळं शिसं शोषून तळं नितळ केलं होतं. गावाला प्यायला पाणी मिळालं, पण शिसं पात्यांत जाऊन बसलं.

“बाळ हिच्यावर किती दिवस झोपतंय?”

“जन्मल्यापासून. दहा महिने झाले. दात येताहेत, तर कडा चघळते.” भिवराबाईने चटईची ओली कड उचलून पाहिली. “औषध असेल ना?”

“शहरात न्या. पण शिशाने मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, मावशी.”

भिवराबाई नातीला घ्यायला पुढे झाली. शेजारी बसलेल्या लेकीने बाळ छातीशी घट्ट धरलं.

“आई, तिला हात लावू नकोस.”