बाईच्या हातचं वेल्डिंग

"स्टेपनी उडाली अन् माणसाचा पाय गेला. आता तुम्हीच सांगा, बाईच्या हातचं वेल्डिंग कोण लावून घेईल?"

गुणाकर ठेकेदार साधनाच्या दुकानासमोर, चार माणसांत, मुद्दाम मोठ्यानं बोलला. त्याची जीप रस्त्याला पाठ करून उभी होती. मागच्या दरवाज्यावर जिथं जादा चाक टांगलेलं असायचं, तिथं फाटक्या पट्टीचं बोटभर टोक तेवढं उरलं होतं.

आठ दिवसांपूर्वी किरनापूरच्या अलीकडच्या वळणावर ते चाक सुटलं, उसळ्या मारत मागं गेलं आणि मोटारसायकलवरून येणाऱ्या नथ्थूच्या पायावर आदळलं. पाय दोन ठिकाणी मोडला. नथ्थू लांजीचा शिंपी. पायावर चालणारी त्याची मशीन तेव्हापासून बंद होती.

साधना हातमोजे न काढताच बाहेर आली.

"जोड सुटला नाही, ठेकेदार. हा पाहा, जसाच्या तसा आहे. जोडाच्या पुढची पट्टी फाटली. काहून फाटली? तुम्ही मापाचं चाक काढून ते जंगी चौडं चाक टांगलं. हे स्टँड त्याच्यासाठी नव्हतं."

"बहाने मत बनाओ. स्टँड कोणाच्या दुकानातलं?"

"आमच्या."

"मग गलती कोणाची?"

"ज्या हातानं ते जोडलं, त्या हाताची नाही. कोणालेबी विचारा, मी हेच सांगीन."

ऐकणारे एकमेकांकडं पाहून हसले.

दुकान महागूचं, तिच्या सासऱ्याचं. चाळीस वर्षं बालाघाटातल्या जीपा, ट्रॉल्या, शाळांची फाटकं त्याच्या रॉडखालून गेली होती. मुलाला या कामात गोडी नव्हती, तो नागपूरला निघून गेला. सून मात्र काळी काच डोळ्यांपुढं धरून सासऱ्याशेजारी बसली आणि शिकली. अलीकडं दुकानाच्या तोंडाशी तीच दिसे. महागूच्या नावानं आलेली काही गिऱ्हाइकं तिला पाहून तशीच मागं वळत.

त्या अपघातानंतर तर साधी खिडकीची जाळीसुद्धा दुकानात येईना. महागूनंही दुकानात येणं सोडलं. घरामागच्या ओसरीत तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, भिंतीकडं तोंड करून बसू लागला. सुनेशी बोलेना. सुनेनं म्हाताऱ्याचं नाव घालवलं, असं लोक म्हणू लागले. ते साधनाच्या कानावर येत होतं. तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

"ठेकेदार," ती आता म्हणाली, "तसंच स्टँड पुन्हा बनवून देतो. तीच पट्टी, तोच जोड. तुमच्या जीपले लावा, मापाचं चाक टांगा अन् त्याच रस्त्यानं लांजीले चला. मी मोटारसायकलनं येतो. त्या चाकाच्या मागं, दहा हातांवर."

गुणाकर हसला. मग थांबला. "मरायचं आहे का बाई?"

"तुमचा भरवसा नाही ना? माझा आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं. आत ग्राइंडर ओरडत होता, शटरखालून निळा उजेड लपापत होता. समोरच्या दुर्गाबाईनं चहाचे दोन कप शटरखालून आत सरकवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "सासराबी आतच आहे. पण दोघांत एक शब्द नाही, बाप्पा."

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँड जीपवर चढलं. साधनानं स्वतः नट आवळले, चाकाला एक हिसका दिला आणि हेल्मेट घातलं.

जीप निघाली. गुणाकर स्वतः चालवत होता आणि मुद्दाम वेगात. रस्ता जागोजाग उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला मागचा दरवाजा खडखडे, चाक थरथरे. साधनाच्या डोळ्यांसमोर ते काळं गोल तेवढं होतं. ते सुटलं तर ब्रेक लावायलाही वेळ मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. दहा हातांचं अंतर तिनं अकरा होऊ दिलं नाही.

किरनापूरच्या वळणाआधी गुणाकरनं आरशात पाहिलं. ती तिथंच होती. त्यानं वेग वाढवला. वळणावरच्या मोठ्या खड्ड्यात जीप आदळली, मागचा भाग हवेत उडाला, दरवाजा किंचाळला. साधना बाजूला झाली नाही.

चाक जागेवर राहिलं.

लांजीला नथ्थूच्या घरासमोर पन्नासेक माणसं जमली होती. प्लॅस्टरचा पाय पुढं करून नथ्थू बाजेवर बसला होता. गुणाकर उतरला. जीपच्या मागं गेला, जोडावरून बोट फिरवलं. केसभरही तडा नव्हता.

"आता बोला ना जी ठेकेदार," नथ्थू म्हणाला. "माह्या पायावर काहून पडलं?"

गुणाकरनं टोपी काढली. "चाक मीच चुकीचं टांगलं होतं, नथ्थू. गलती माझी. तुझी मशीन चालू होईपर्यंत तुझं घर मी पाहीन." मग तो साधनाकडं वळला. "मानलं! बाईच्या हातचं वेल्डिंग असं असते, हे मी साऱ्या बालाघाटले सांगीन."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. साधनानं हेल्मेट काढलं, घाम पुसला. गर्दीतून बाजूला जाऊन तिनं घरी फोन लावला. फोन सासऱ्यानंच उचलला.

"मामाजी, पोचली मी," ती हळूच म्हणाली. "हात थरथरतात तर थरथरू द्या, तुम्ही केलेला जोड तेव्हाबी सुटला नव्हता अन् आजबी सुटला नाही."