कॉपी पूर्ण

दिरानं हौसेनं तिच्या लॅपटॉपवर लिनक्स ही नवी सिस्टिम टाकून दिली. बाहेरची डिस्क लावली की ती आपोआप जोडली जाईल आणि लॅपटॉपमधले तिच्या वारलेल्या आईचे व्हिडिओ रोज डिस्कवर कॉपी होतील, अशी सोयही केली. पण डिस्क काही केल्या जोडली जाईना. ‘फोल्डर सापडत नाही’ हे लॅपटॉपचं रोजचं रडगाणं ऐकून दीर वैतागला आणि त्यानं डिस्कच्या नावाचं फोल्डर लॅपटॉपमध्येच करून टाकलं. लगेच ‘कॉपी पूर्ण’!

“वहिनी, तुम्ही फक्त डिस्क लावायची, डोकं नाही लावायचं.”

महिन्याभरात लॅपटॉप गच्च भरला.

“भाऊजी, व्हिडिओ डिस्कवर जातात ना? मग हा का भरतोय?”

“परत डोकं लावलंत?” म्हणत त्यानं लॅपटॉप पुसून कोरा केला. सगळं डिस्कवर होतंच की.

मग त्यानं डिस्क उघडली. आत काहीच नव्हतं. आजवरची प्रत्येक कॉपी लॅपटॉपमधल्या त्या फोल्डरात पडली होती.  तो घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,



“वहिनी, एवढी डिस्कसुद्धा नीट लावता आली नाही तुम्हाला?”