कापलेल्या फोटोतला हात

घराण्याच्या वंशावळीसाठी तिने वर्षभर नातेवाइकांचे उंबरे झिजवले. एखादी विसरलेली मावसआजी सापडली, की तिचा आनंद गगनात मावत नसे. घोडं अडलं ते आत्यापाशी.

"तिचा विषय नको," काका म्हणाले. "घर सोडून गेली, तेव्हाच ती आम्हाला मेली. वंशावळीत ती दिसणार असेल, तर माझ्या फोटोंच्या ट्रंकेला हात लावू नकोस."

त्या ट्रंकेच्या मोहापायी तिने प्रत्येक फोटोतून आत्या कापली. लहानपणी रोज तिची वेणी घालणारी आत्या. आजोबांच्या खांद्यावरचा आत्याचा हात तेवढा कापता आला नाही. भाजलेल्या अंगठ्याचा तो हात तसाच राहिला.

भरदुपारी सगळे फोटो भिंतीवर लावून ती मागे सरकली. हात आजोबांच्या खांद्यावर नव्हता. खालच्या ओळीत, काकांच्या खांद्यावर होता.

तिने डोळे चोळले. आता काकांचा खांदा मोकळा होता आणि हात शेजारी, बाबांच्या खांद्यावर. तोच भाजलेला अंगठा.

बाबांच्या खाली तिचा स्वतःचा फोटो होता. तिने भीत भीत पाहिलं. खांद्यावर काही नव्हतं.

"चुकले गं, आत्या," ती पुटपुटली आणि तिने पुन्हा वर बघितलं. बाबांच्या खांद्यावरूनही हात गेला होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिचे केस गोळा केले आणि, पूर्वीसारखेच घट्ट ओढून, त्यांचे तीन पेड पाडले.