मागची काच

गिअर पडेना. सुनीतीनं क्लच दाबून स्टिअरिंगजवळचा दांडा पुन्हा ढकलला. आतून कर्रकन आवाज आला, पण गाडी हलली नाही.

"काय झालं?" मागच्या सीटवरून तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, विचारलं.

उत्तर द्यायला तिला फुरसत नव्हती. शेजारी सासूबाई, मालतीबाई, खिडकीची कड घट्ट धरून श्वास ओढत होत्या. दमा जुनाच, पण आज दुपारी गोळीनं काही फरक पडला नव्हता. ओठ निळसर दिसायला लागले होते. नेरूळहून निघून सानपाड्याच्या अलीकडे गाडी हायवेच्या कडेला अडून बसली होती. समोर वाशीच्या इमारती दिसत होत्या. हॉस्पिटल त्यांच्यातच होतं.

महिनाभर सुनीती सांगत होती. दुसरा गिअर आपोआप निसटतो. गाडी काढली की खाली तेलाचा डाग असतो. अण्णा, गिअरबॉक्सचं तेल तरी एकदा बघून घेऊ या. पण अण्णा हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते, तरी घरात अजून नोकरीवरच होते. "गिअरबॉक्स उघडला की मेकॅनिक घरचा जावई होतो," ते म्हणाले. "जुनी गाडी, कुरकुरणारच. चालवायला शिकलीस तेवढं पुरे. आवाज कसले ऐकत बसतेस?" नवरा, जयप्रकाश, मस्कतला. ती गप्प बसली होती. त्या गप्प बसण्याचा आता तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

अण्णा खाली उतरले. कळंबोलीहून लोखंड भरून येणाऱ्या ट्रकांना त्यांनी हात केला, मग दोन्ही हात केले. ट्रक हॉर्न मारत निघून गेले. रिक्षाचा तर पत्ताच नव्हता. भर उन्हात, कोटाची बटणं लावून उभा असलेला हा माणूस कुणाला अडचणीत वाटलाच नसेल.

सुनीती दांडा सगळीकडे फिरवून बघत होती. पहिला नाही. दुसरा नाही. तिसरा नाही. मग तिनं तो स्वतःकडे ओढून उलटा ढकलला, आणि गाडीनं मागे हिसका दिला.

"अण्णा, बसा! रिव्हर्स पडतोय."

"रिव्हर्सनं कुठं जाणार?"

"हॉस्पिटलला."

ते बसायच्या आत तिनं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली होती. रस्त्याकडेच्या भरावावर तिनं उलटाच मोठा वळसा घातला. डिकी वाशीकडे झाली, तोंड नेरूळकडे. मग तिनं डावा हात सीटच्या पाठीवर, सासूबाईंच्या खांद्यामागून टाकला, मान पूर्ण वळवली, आणि तिला अण्णा दिसले. फक्त अण्णाच दिसले. ते नेहमीसारखे मागच्या सीटवर बरोब्बर मध्ये बसले होते, ताठ. सगळी काच त्यांनी व्यापली होती.

लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"अण्णा, डोकं खाली घ्या."

"काय?"

"मला रस्ता दिसत नाही. खाली वाका."

"कुणाशी बोलतेस तू?"

मागून ट्रकनं मोठा हॉर्न दिला. गाडी वेडीवाकडी झाली. सुनीतीनं ती कशीबशी सावरली. मालतीबाईंच्या छातीतली शिट्टी आता तुटक येत होती, मध्येच थांबत होती. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी खिडकीवरचा हात सोडला, मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि तळवा हलकेच खाली दाबल्यासारखा केला. लहान मुलाला बस म्हणतात, तसा.

अण्णा वाकले. आधी थोडे, मग पार खाली. त्यांचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीला टेकलं.

काच मोकळी झाली. सुनीतीला रस्ता दिसला, सायकलवाला दिसला, वळण दिसलं. गिअरबॉक्स किंचाळत होता, तळाशी जळकट वास सुटला होता. लोक थांबून बघत होते, कुणीतरी हसलंही. ती फक्त काचेतून बघत राहिली. कानाशी सासूबाईंचा श्वास होता, आणि तो येतोय तोवर तिला बाकी कशाची पर्वा नव्हती.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये वॉर्डबॉयनी मालतीबाईंना उचललं. सुनीती त्यांच्याबरोबर आत धावली. मास्क लावला गेला, इंजेक्शन दिलं गेलं, आणि बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." तेव्हा कुठं तिला आठवलं, की अण्णा आत आलेलेच नाहीत.

ती बाहेर आली. गाडी पोर्चमध्ये तशीच आडवी उभी होती. मागच्या सीटवर अण्णा अजून वाकलेले होते.

तिनं दार उघडलं. "अण्णा, पोचलो आपण. कधीच पोचलो."

"आधी तिचं सांग."

"बऱ्या आहेत. श्वास नीट चाललाय आता. तुम्हांला विचारतायत." सुनीती थांबली. "आता वर बघा."

अण्णांनी मान हलवली. वर मात्र केली नाही.