एकही निळा नाही

या मायबापहो, जरा जवळ सरका. गोष्ट लहान आहे, पण ऐकताना चुळबुळ करू नका; तेवढ्यासाठी आमची ही पोरगी पुरेशी आहे. प्रयोगशाळेत तिचं नावच मुळी चुळबुळी.

तिच्या हातात काचेची बशी होती आणि बशीभर पांढरे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंचं नांदतं घर. तिनं जोडलेलं जनुक ज्यांच्या पोटी रुजलं, त्यांचा रंग बनवायचा कारखाना मोडतो. ते पांढरे राहतात. बाकीचे निळे होतात. करणी बघा त्याची! नवं पोटी रुजायचं तर जुना रंग सोडावाच लागतो. चार महिने नुसते निळेच निघत होते. "या खेपेला जमलं नाही, तर विषय दुसऱ्याला देईन," असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं.

"जिंकलीस गं बये!" शेजारच्या टेबलावरचा मित्र ओरडला. "बाईंना कळव, आणि एकदाची स्वस्थ बस."

स्वस्थ कसली बसतेय! फोन उचलला, ठेवला. बशी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली.

"अरे, एकही निळा नाही."

"मग काय रडतेस की काय आता?"

तिनं फ्रीजर उघडला. निळा रंग आणणाऱ्या द्रव्याची नवी कुपी चंदेरी कागदात तशीच होती. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. बशा ओतायच्या घाईत ते घालायचंच राहिलं होतं, आणि ते नसलं की सगळेच पांढरे दिसतात.

मित्रानं आवाज खाली आणला. "गप्प राहा ना. यात असतीलच की खरे पांढरे."

"असतील रे. पण कोणते?"

ती उठली आणि बाईंना सगळं सांगून आली. मग द्रव्य घातलेली नवी बशी घेतली, काडीनं एकेक ठिपका उचलून तिच्यावर टेकवला.

"उद्या सकाळपर्यंत विषय तुझा," बाई एवढंच म्हणाल्या होत्या.

सकाळी झाकण उघडलं. निळा. निळा. निळा. मित्रानं मान फिरवली. तिनं मात्र बशी हळूच वळवली. पार काठाशी, त्या निळ्या गर्दीत, दुधाच्या थेंबासारखा एकच पांढरा.

मायबापहो, कधी सगळंच मनासारखं झालेलं दिसलं, तर या चुळबुळीची आठवण ठेवा. चार महिने तिनं निळ्यावर दात खाल्ले, आणि पांढरं ओळखायला शेवटी त्या निळ्याचीच वाट पाहिली.