शंभर मीटरच्या आत

तापीकाठच्या जुन्या, संरक्षित मंदिरावर दोधू पहारेकरी होता. मंदिराला लागूनच त्याच्या मुलीचं, रूपालीचं सासर. तिच्या घराची भिंत कलली तेव्हा तिने मिस्तरी बोलावला. पण मंदिरापासून शंभर मीटरच्या आत परवानगीशिवाय वीटही हलवता येत नाही, म्हणून दोधूने तिला थांबवलं आणि स्वतः तिचा अर्ज पुरातत्त्व खात्यात नेऊन दिला.

भर पावसाळ्यात ती भिंत रूपालीच्या अंगावर कोसळली. परवानगीचं पत्र तेराव्याच्या दिवशी आलं.

दोधूने ते जावयाच्या, ललितच्या हातात दिलं. "मीच थांबाडं तिले," तो कसाबसा म्हणाला.

ललितने पत्राची घडी घातली.



"नही मामा. मिस्तरी गुपचूप बांधी देवाले तयार व्हता. रूपालीनीच त्याले परत धाडं. म्हने, मन्हा बापनी नोकरी जाई."